गोदामाच्या मोठ्या छपराचे पाणी: सायफॉनिक व्यवस्था घ्यावी की साधे उताराचे पाइप?

प्रश्न: गोदामवाला

नमस्कार. मालसाठवणुकीच्या एका गोदामाचा आराखडा अंतिम टप्प्यात आहे, परंतु छपरावरील पाण्याच्या निचऱ्यावर गाडी अडली आहे. इमारत १२० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद आहे. पत्र्याचे छप्पर प्रत्येकी २० मीटर रुंदीच्या चार दुपाखी गाळ्यांत विभागलेले असल्यामुळे दोन बाहेरच्या कडांना वळचणीच्या पन्हळी आणि आत तीन व्हॅली गटर (दोन उतार मिळतात त्या खोलगटातील पन्हळी) अशी रचना होते. पन्हळींची उंची जमिनीपासून १२ मीटर आहे. एका लांब बाजूला चिकटून ४० बाय १५ मीटरचे, ८ मीटर उंचीचे दुमजली कार्यालय असून त्यावर सपाट स्लॅब आणि भोवती कठडा आहे.

आमच्यापुढे दोन प्रस्ताव आहेत. पहिल्यात प्रत्येक व्हॅली गटरखालच्या खांबांना लागून १५० मिमीचे उभे पाइप उतरवून जमिनीखालच्या गटारवाहिनीने पाणी बाहेर न्यायचे आहे. दुसऱ्यात छपराखाली विनाउतार टांगलेल्या आडव्या पाइपातून, म्हणजे सायफॉनिक पद्धतीने, पाणी इमारतीच्या दोन्ही टोकांपर्यंत नेऊन तेथेच खाली सोडायचे आहे. मालकांना जमिनीत चेंबर, म्हणजे वाहिनी साफ करण्यासाठीचे झाकणाचे खड्डे, नको आहेत, कारण त्यावरून दिवसभर फोर्कलिफ्ट फिरणार आहेत. दोन्ही पुरवठादार आपापली पद्धत निर्धोक असल्याचे छातीठोकपणे सांगतात आणि दुसऱ्याच्या पद्धतीतील दोष तितक्याच तत्परतेने दाखवतात. सल्लागारांनी पावसाची तीव्रता ताशी ९० मिमी धरली आहे. कोणत्या निकषांवर निवड करावी आणि आमच्या विचारात काही सुटले आहे का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद: जलगणित

पाइपाकडे जाण्याआधी ताशी ९० मिमी हा आकडा कोठून आला, ते विचारा. तो एका तासाच्या पर्जन्यमानावरून घेतला असेल, तर छपरासाठी तो तोकडा पडण्याची दाट शक्यता आहे. पत्र्याच्या दूरच्या टोकाला पडलेला थेंब दोन-तीन मिनिटांत पन्हळीत पोहोचतो, म्हणून छपराला पूर्ण तासाची सरासरी भोवत नाही, त्या तासातील सर्वांत जोरदार काही मिनिटे भोवतात. छपराच्या निचऱ्यासंबंधीच्या ईएन १२०५६-३ या युरोपीय मानकावर आधारित ब्रिटिश पद्धतीत दोन मिनिटांच्या सरीचा विचार होतो तो याचसाठी. अशा थोड्या मिनिटांची तीव्रता तासाच्या सरासरीच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असू शकते. आपल्या जागेची कमी कालावधीची पर्जन्यनोंद मिळवा आणि तीही किती वर्षांतून एकदा येणाऱ्या सरीची आहे हे लिहून घ्या. व्हॅली गटर ओसंडले तर पाणी मालावर पडते, त्यामुळे तेथे वळचणीच्या पन्हळीपेक्षा दुर्मीळ आणि मोठी सर धरणे भाग आहे.

उदाहरणापुरते ताशी १८० मिमी धरू, कारण हिशेब सोपा होतो: दर चौरस मीटरला सेकंदाला ०.०५ लिटर. प्रत्येक व्हॅली गटरला दोन्ही बाजूंचे मिळून २,४०० चौरस मीटर छप्पर येते, म्हणजे सेकंदाला १२० लिटर. वळचणीच्या प्रत्येक पन्हळीला त्याच्या निम्मे, ६० लिटर. संपूर्ण गोदामाचे ४८० लिटर. हे पाणी शेवटी आवाराच्या ज्या गटारात जाणार आहे, त्याची क्षमता कोणी तपासली आहे का, हे आताच पाहून ठेवा.

साध्या उभ्या पाइपात पाणी कडेकडेने उतरते आणि मधली पोकळी हवेची असते. पाइपाचा एक तृतीयांश छेदच पाण्याने भरेल असे धरले, तर १५० मिमीचा उभा पाइप सेकंदाला सुमारे ३१ लिटर नेतो. याचा अर्थ प्रत्येक व्हॅलीला चार पाइप लागतात. हे आकडे वाईट नाहीत. अडचण आडव्या प्रवासात येते. तोच १५० मिमीचा पाइप १:१०० उतारावर आडवा घातला, तर निम्मेही पाणी नेत नाही. व्हॅलीच्या मध्यापासून टोकापर्यंतचे ६० मीटर अंतर या उताराने कापायचे म्हटले तर पाइप ६०० मिमी खाली उतरतो आणि अर्ध्या व्हॅलीच्या ६० लिटरसाठी तो ३०० मिमीच्या आसपासचा लागतो. छपराखालच्या रॅक, दिवे आणि अग्निशमनाच्या पाइपांच्या गर्दीत त्याला जागा मिळणे कठीण आहे.

सायफॉनिक पद्धतीत आउटलेटवर, म्हणजे पन्हळीतून पाणी पाइपात उतरते त्या तोंडावर, एक चकती बसवलेली असते. ती भोवरा होऊ देत नाही, त्यामुळे हवा आत ओढली जात नाही आणि पाइप पूर्ण भरून वाहतो. पाइप भरला की छपरापासून सोडण्याच्या जागेपर्यंतची सगळी उंची, आपल्या बाबतीत जवळजवळ १२ मीटर, पाणी ओढण्याच्या कामी येते. म्हणूनच आडव्या पाइपाला उतार लागत नाही आणि त्याच ६० लिटरसाठी १६० मिमीच्या आसपासचा पाइप पुरू शकतो. जमिनीखाली चेंबर नकोत ही मालकांची अट खरोखर ठाम असेल, तर तिन्ही व्हॅलींसाठी सायफॉनिक पद्धत घ्यावी. वळचणीच्या पन्हळी आणि कार्यालय यांना तिची काहीच गरज नाही. तेथे उभे पाइप बाहेरच्या भिंतीवरून सरळ उतरतात.

प्रतिसाद: साधा पाइप

वरील हिशेब मला मान्य आहे, निष्कर्ष मात्र पूर्णपणे मान्य नाही. सायफॉनिक व्यवस्था ही दुकानातून आणून बसवायची वस्तू नसून एक सोडवलेले गणित असते, आणि आपल्याकडची बहुतेक बांधकामे गणितानुसार होत नाहीत.

मी ज्या एका इमारतीच्या कामावर देखरेख करत होतो, तेथे कंत्राटदाराला एका टप्प्यात ठरलेल्या व्यासाचा पाइप मिळाला नाही, म्हणून त्याने एक माप मोठा पाइप जोडला. ‘मोठा आहे साहेब, पाणी जास्तच जाईल’ असे त्याचे म्हणणे होते, आणि साध्या निचऱ्यात ते खरेही ठरले असते. येथे उलटे झाले. त्या टप्प्यात वेग कमी झाला, पाइप भरायला वेळ लागू लागला, आउटलेटमधला दाबाचा समतोल बिघडला आणि टोकाच्या दोन आउटलेटमधून हवा आत येऊ लागली. मध्यम पावसात सगळे व्यवस्थित दिसत असे. पहिल्या खऱ्या मोठ्या सरीत मात्र आउटलेट उघडी असूनही पन्हळ काठोकाठ भरली, आणि दोष शोधण्यात आमचे कित्येक दिवस गेले, कारण पाइपात कचरा सापडेल या आशेने आम्ही नको तेथे शोधत होतो.

आणखी एक गोष्ट पुरवठादार सांगत नाहीत. ही व्यवस्था तिच्या आयुष्यातील बहुतांश पावसात सायफॉनिक नसतेच. रिमझिम पावसात ती साध्या पाइपासारखी, तीही विनाउताराच्या, वाहते; मध्यम पावसात भरते, तुटते, पुन्हा भरते आणि त्या वेळी गुडगुडाट करते. गोदामात तो आवाज कोणी ऐकणार नाही, पण तो पाइप कार्यालयाच्या फॉल्स सीलिंगमधून नेऊ नका. मंद प्रवाहात आडव्या पाइपात बसलेला गाळ भरून वाहताना धुतला जावा, यासाठी त्या वेळचा वेग सेकंदाला किमान एक मीटर असावा लागतो, आणि पाइप ‘सुरक्षिततेसाठी’ मोठे केले की हाच वेग आधी जातो.

पाइपाची जातही महत्त्वाची आहे. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच खाली जात असल्याने पातळ भिंतीचा पाइप चेपतो आणि रबरी कड्यांचा साधा सांधा हवा ओढतो. म्हणून वितळवून जोडलेले एचडीपीई (एक प्रकारचे टणक प्लॅस्टिक) पाइप किंवा त्या दाबाला उतरणारे बीडाचे पाइप वापरतात. एचडीपीईला उष्णतेने ताणण्याची भारी हौस. दर मीटरला दर अंशाला ०.२ मिमीच्या आसपास तो वाढतो. ६० मीटरची रांग आणि २५ अंशांचा फरक धरला तर ही वाढ ३०० मिमी होते. ती पेलणारी पोलादी रेल आणि ठरावीक अंतरावरचे पक्के आधार नकाशात दाखवलेले नसतील, तर तो प्रस्ताव अपुरा समजावा.

मी आपल्या जागी असतो तर उभे पाइप खांबांना लावून जमिनीखालच्या वाहिनीचाच विचार अधिक केला असता. चेंबर इमारतीच्या बाहेर ठेवून आतून सरळ, वळणे नसलेल्या वाहिन्या नेता येतात का, ते पाहावे.

गोदामवाला

दोघांचेही आभार. बाहेर चेंबर ठेवण्याची सूचना सांगून पाहिली. परंतु ८० मीटर रुंदीत मधल्या व्हॅलीचे उभे पाइप बाहेरच्या लांब भिंतीपासून ४० मीटर आत येतात आणि एवढ्या लांबीत साफसफाईची एकही जागा नसलेली वाहिनी रॅकच्या पायाखालून नेण्यास रचनाकार तयार नाहीत. त्यामुळे मधल्या तीन व्हॅलींसाठी कल सायफॉनिक पद्धतीकडे आहे. मात्र आउटलेट तुंबले तर काय, हा प्रश्न मनातून जात नाही.

प्रतिसाद: लोखंडी सांगाडा

तो प्रश्न मनातून जाऊ देऊ नका. माझ्या मते चर्चेची सुरुवातच तेथून व्हायला हवी होती, कारण कोणतीही पद्धत घेतली तरी आउटलेट एक दिवस तुंबणारच आहे.

साचलेले पाणी हे वजन आहे. १० मिमी खोल पाणी चौरस मीटरला १० किलो भरते. आपल्या कार्यालयाचा स्लॅब ६०० चौरस मीटर आहे. कठड्याच्या आत ३०० मिमी पाणी साचले तर १८० टन वजन त्यावर येईल, म्हणजे चौरस मीटरला ३०० किलो. देखभालीपुरतेच जायचे असलेल्या छपरासाठी सहसा चौरस मीटरला १०० किलोच्या आसपास चल भार (माणसे, साहित्य अशा ये-जा करणाऱ्या वजनाचा भार) धरला जातो. हा फरक कागदावर एकदा समोरासमोर लिहून पाहावा. हलक्या पोलादी छपराचे दुखणे आणखी वेगळे असते. पाण्याने ते खाली वाकते, वाकल्याने खोलगा होतो, खोलग्यात आणखी पाणी येते, आणि हे चक्र कोठे थांबेल ते सांगाड्याच्या ताठपणावर अवलंबून असते.

अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील केम्पर अरीना या मोठ्या सभागृहाच्या छपराचा मोठा भाग ४ जून १९७९ रोजी वादळी पावसात कोसळला. त्या छपराला पाणी काढणारी आउटलेट जाणूनबुजून मोजकी ठेवली होती, जेणेकरून पाणी वर थोडा वेळ साचून हळूहळू गटारात जावे. टांगणीच्या बोल्टांचा दोष हे त्या दुर्घटनेतले मोठे कारण होते. परंतु त्या कमकुवत सांध्यांवर शेवटचा भार घातला तो साचलेल्या पाण्याने.

म्हणून कार्यालयाच्या कठड्यात आउटलेटच्या पातळीपेक्षा थोड्या वर, साधारण ५० मिमीवर, बाहेर उघडणारी भोके ठेवावीत आणि ती इतकी रुंद असावीत की मुख्य आउटलेट पूर्ण बंद असतानाही पाणी सांगाड्याने गृहीत धरलेल्या खोलीच्या वर जाणार नाही. त्यातून पडणारे पाणी लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी पडू द्यावे. प्रवेशद्वारासमोर धबधबा पडू लागला म्हणजे कोणीतरी छपरावर जाऊन पाहतोच. व्हॅली गटरची दोन्ही टोकेही बंद न करता पत्र्याच्या कडेखाली सांडवा ठेवावा.

प्रतिसाद: जलगणित

वरील सूचनेत एक महत्त्वाची भर घालतो. टोकाचा सांडवा हवाच, पण १२० मीटर लांब व्हॅलीला तो पुरेसा नाही. सपाट पन्हळीत पाण्याला टोकाकडे जायला स्वतःच्याच पृष्ठभागाचा उतार तयार करावा लागतो. पन्हळ ६०० मिमी रुंद असेल आणि प्रत्येक टोकाने ६० लिटर बाहेर पडायचे असेल, तर टोकाशी पाण्याची खोली सुमारे १०० मिमी असताना मध्यभागी ती घर्षण न धरताही १७५ मिमीच्या आसपास भरते, आणि ६० मीटरचे घर्षण धरले की आणखी वाढते. शिवाय सांडव्याचा उंबरा तळापेक्षा जितका वर, तितके पाणी आधीच साचलेले असणार. म्हणजे टोकाला सांडवा व्यवस्थित वाहत असतानाच मध्यभागी पाणी पत्र्याच्या कडेवरून गोदामात उतरू शकते.

एवढ्या लांबीत दुसरी, पूर्णपणे स्वतंत्र सायफॉनिक रांग घेतात. तिची आउटलेट भोवती उंच गोल कडे बसवून मुख्य आउटलेटपेक्षा वर ठेवलेली असतात आणि तिचा पाइप भिंतीबाहेर, जमिनीच्या वर उघडा सोडलेला असतो. मुख्य रांग जमिनीखालच्या गटाराला जोडलेली असते. गटार तुंबून चेंबर वरपर्यंत भरला तर तिची ओढ कमी होते, तेव्हा आणीबाणीची रांगही त्याच चेंबरला जोडण्याची चूक करू नका. खर्च वाढेल हे खरे, परंतु दुसरी रांग नसलेला सायफॉनिक प्रस्ताव आणि साधे पाइप यांची तुलना करणे हेच मुळात न्याय्य नाही.

पोलादी पन्हळीला प्रसरणासाठी मध्ये सांधे द्यावे लागतात आणि त्या सांध्याचा उंचवटा पाणी ओलांडू देत नाही, हेही पाहा. सांध्यांमुळे पन्हळीचे जेवढे तुकडे होतील, त्या प्रत्येक तुकड्यात मुख्य आणि आणीबाणीची अशी दोन्ही आउटलेट हवीत.

प्रतिसाद: छपरावरचा

मी रचनाकार नाही, इमारतींच्या देखभालीचे काम पाहतो. म्हणून गणिताबद्दल न बोलता एक प्रसंग सांगतो.

एका मोठ्या विक्रीसंकुलाच्या छपरावर पहिल्या पावसानंतर पाणी थांबल्याची तक्रार आली. वर जाऊन पाहिले तर आठ सायफॉनिक आउटलेटपैकी तीनच्या चकत्या जागेवर नव्हत्या. त्या पाण्याच्या टाकीमागे नीट एकावर एक रचून ठेवलेल्या सापडल्या. चौकशी केली तेव्हा सफाई करणाऱ्या माणसाने अगदी प्रामाणिकपणे सांगितले की, तोंडावर झाकण असल्यामुळे पाणी अडते असे वाटले, म्हणून त्याने ती काढली. त्याचे तर्कशास्त्र कोणालाही पटेल असेच होते. परंतु चकती नसलेली तीन तोंडे हवा ओढत असल्यामुळे उरलेली पाचही निकामी झाली होती. चकत्या परत बसवल्या, एवढीच दुरुस्ती. त्यानंतर प्रत्येक आउटलेटशेजारी ‘ही चकती काढू नये’ अशी पाटी लावली आणि चकत्यांचे बोल्ट साध्या पान्याने निघणार नाहीत असे घेतले.

छपरावर जाण्याचा मार्ग सोपा ठेवा. शिडी लावून, पत्र्यावरून तोल सांभाळत व्हॅलीपर्यंत जावे लागत असेल, तर वर्षातून दोनदा जायचे ठरवलेला माणूस दोन वर्षांतून एकदा जाईल, आणि मी त्याला दोष देणार नाही. पन्हळीलगत चालण्याची पायवाट आणि दोर अडकवण्याची जागा आताच आराखड्यात घ्या. बांधकाम संपताना पन्हळीत पत्र्याचे तुकडे, स्क्रू, सीलंटच्या नळ्या आणि प्लॅस्टिकची वेष्टने हमखास राहतात. पहिला तुंबारा बहुधा त्यांचाच असतो, पाचोळा नंतर येतो.

गोदामवाला

या चर्चेतून आमचा प्रस्ताव बराच बदलला. तीन व्हॅलींसाठी मुख्य आणि आणीबाणीची अशा दोन सायफॉनिक रांगा, बाहेरच्या पन्हळी व कार्यालयासाठी साधे पाइप, आणि कमी कालावधीच्या पर्जन्यनोंदीवरून नवा हिशेब, असे सल्लागारांना कळवले आहे. दोन शंका उरतात. कार्यालयाच्या स्लॅबची आउटलेट शेजारून जाणाऱ्या सायफॉनिक पाइपाला जोडावीत, म्हणजे पाइप वाचतील, असे पुरवठादार सुचवतो. आणि काम पूर्ण झाल्यावर ते बरोबर झाले आहे हे कसे ओळखायचे? ४८० लिटरचा पाऊस आम्ही पाडू शकत नाही.

प्रतिसाद: जलगणित

पहिली सूचना सरळ नाकारावी. वेगवेगळ्या उंचीची छपरे एका सायफॉनिक रांगेला जोडत नाहीत. एका छपरावर पाणी कमी असताना तेथून हवा शिरते आणि दुसऱ्याची ओढ तुटते, आणि खालचा पाइप तुंबला तर १२ मीटरवरचे पाणी ८ मीटरवरच्या आउटलेटमधून कारंज्यासारखे बाहेर येऊ शकते. कार्यालयाचा हिशेबही तपासून घ्या. त्याच्यालगत गोदामाची भिंत ४० मीटर लांबीत ४ मीटर वर जाते. वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस या १६० चौरस मीटर भिंतीवर आपटून स्लॅबवरच उतरतो, म्हणून भिंतीचे निम्मे क्षेत्रफळ, ८० चौरस मीटर, स्लॅबच्या ६०० मध्ये मिळवावे. वरच्या बाजूने जाणारी वळचणीची पन्हळ त्या ४० मीटरच्या पट्ट्यात ओसंडली तर तिचेही पाणी कार्यालयावर पडेल, तेव्हा तिचा सांडवा त्या पट्ट्याबाहेर काढावा.

दुसऱ्या शंकेबाबत: पूर्ण क्षमतेची चाचणी प्रत्यक्ष घेणे सहसा शक्य नसते, म्हणून जे बसवले आहे त्याचीच पडताळणी करावी लागते. पुरवठादाराकडून प्रत्येक तुकड्याचा व्यास, लांबी, वेग आणि दाब दाखवणारा हिशेब मागा. काम झाल्यावर तो हिशेब हातात घेऊन पाइपाखाली चालत जा आणि प्रत्येक व्यास व प्रत्येक वळण मोजून पाहा. एकही फरक आढळला तर त्या बदलासह हिशेब नव्याने करून घ्या, मग तो बदल मोठ्या पाइपाचा असला तरी. सांधे गळत नाहीत ना, यासाठी खालचे तोंड बंद करून पाइप पाण्याने भरून पाहावा, पण खालच्या टोकाला १२ मीटरच्या स्तंभाचा दाब येतो, तो पाइपाला आणि आधारांना झेपतो का, हे आधी विचारून घ्यावे.

सोडण्याच्या जागी पाइपाचा व्यास वाढवून वेग उतरवलेला असावा आणि पहिल्या चेंबरचे झाकण हवा बाहेर सोडणारे, जाळीचे असावे. घट्ट बसणारे झाकण टाकले तर पहिल्याच मोठ्या सरीत ते आपल्या जागेवर राहणार नाही.

प्रतिसाद: छपरावरचा

आणि तो हिशेब फाईलमध्ये घालून कार्यालयाच्या कपाटात ठेवू नका. त्याची एक प्रत छपरावर जाणाऱ्या दाराच्या आतल्या बाजूला, पावसाने भिजणार नाही अशी, लावा. पाच वर्षांनी पाइप बदलायला येणारा माणूस कपाट उघडणार नाही.